हलकं धरा, भाऊसाहेब!

हाताला गोळा आला की वाजवणाऱ्याचं वाजवणं थांबतं, असा लोकांचा समज आहे. स्टील गिटारपुरता तो साफ खोटा आहे. स्टील गिटारवाल्याच्या डाव्या हाताला गोळा आला की तो हात तारांवरच थरथरायला लागतो, सूर हेलकावे खातो आणि पुढच्या रांगेतले जाणकार डोळे मिटून म्हणतात, "वा! काय आंदोलन घेतलंय!" ही दाद मला दहिवडीत एका साखरपुड्यात मिळाली. मी त्या वेळी शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाला मनातल्या मनात नवस बोलत होतो, की देवा, एवढी मूठ उघडू दे. दाद वाढत गेली तसा गोळाही वाढत गेला. शेवटी नवरीच्या मामानं खूश होऊन शंभराची नोट पुढे केली. ती घ्यायला माझी मूठ उघडेना. मामाला वाटलं, कलावंताला रक्कम कमी वाटली. त्यानं आणखी शंभर वाढवले.

स्टील गिटार म्हणजे हवाईयन गिटार. ती पोटाशी धरून वाजवत नाहीत. मांडीवर आडवी ठेवतात, तोंड आभाळाकडे करून. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातात बोटभर लांबीचा गुळगुळीत पोलादी रॉड घेऊन तो तारांवरून सरकवायचा, म्हणजे एक सूर घरंगळत दुसऱ्यात जातो. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात वाद्य म्हटलं की वरातीतला बेंजो नाहीतर गजी नाचाचा ढोल. त्यामुळे मी ओट्यावर बसलो की जाणारा-येणारा थांबायचाच.

"भाऊसाहेब, पडली का वो?"

"पडली नाही. अशीच ठेवतात."

"आन् तिच्यावर इस्त्री कशापायी फिरवताय?"

मला हा नाद लागला रेडिओमुळे. व्हॅन शिप्ले विजेच्या गिटारीवर सिनेमाची गाणी वाजवायचे, तेव्हा गायक नसूनही शब्द ऐकू यायचे. पुढे 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ची ध्वनिमुद्रिका ऐकली. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. त्या दोघांना काहीतरी करावं लागतंय असं वाटत होतं. काब्रा मात्र निवांत बसलेत आणि सूर आपले आपण येताहेत, असा माझा ग्रह झाला. निवृत्तीनंतर करायला याहून योग्य काम कुठलं? पुढे १९९४ साली विश्वमोहन भट्टांना याच जातीच्या वाद्यावर ग्रॅमी मिळालं. तेवढी माझी अपेक्षा नव्हती. म्हसवडच्या माणदेशी तरंग रेडिओवर पाच मिनिटं मिळाली तरी पुष्कळ, इतपत मी मन आवरून धरलं होतं.

या वाजवण्याचा जनक म्हणून जोसेफ केकूकू याचं नाव घेतात. हवाई बेटांतला शाळकरी पोरगा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुळांच्या कडेनं चालताना त्याला एक बोल्ट सापडला, तो गिटारच्या तारांवरून घसरला आणि त्या आवाजानं पोराला कायमचा नाद लावला, अशी कथा सांगतात. मग शाळेच्या कार्यशाळेत त्यानं स्वतःचा पोलादी रॉड घडवला. माण तालुक्यात रेल्वेच नाही, तेव्हा बोल्ट सापडण्याची आशा नव्हती. मी थेट लेथवाल्याकडे गेलो.

"कशाची पिन हाय? ट्रॅक्टरची का ट्रॉलीची?"

"गिटारची."

"आसं? किती टन वढती?"

बाजारात मिळणारे रॉड दोनशे ग्रॅमच्या आसपास असतात. यानं अर्ध्या किलोचा दिला, कारण गिऱ्हाइकाला वजनात मारायचं नाही असा त्याच्या वडिलांपासूनचा नेम. वर हमी दिली की हा जन्मात झिजणार नाही. तो झिजला नाही. झिजलो मी.

खरं पाहता रॉडला वजन असतं ते वाजवणाऱ्याच्या सोयीसाठी. रॉड आपल्या भारानंच तारांवर बसतो, हातानं त्याला फक्त वाट दाखवायची. या गिटारच्या तारा मुद्दाम उंच चढवलेल्या असतात. त्या दाबून खाली टेकवायच्याच नसतात. अंगठा आणि पहिली दोन बोटं यांनी रॉड सांभाळायचा, उरलेली दोन बोटं मागे तारांवर नुसती टेकवायची, म्हणजे मागची खरखर थांबते. एवढंच. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं आणि शेवटी लिहिलेलं असतं, 'हात सैल ठेवावा.'

पण माझा हात सरकारी आहे. सगळी नोकरी कार्बन पेपरवर गेली. मूळ प्रत, कार्यालयीन प्रत आणि त्याखाली तिसरी प्रत. तिसरी उमटली नाही तर फाईल परत. त्यामुळे माझ्या हातात कुठलीही वस्तू दिली की हात तिची तिसरी प्रत काढायला लागतो. दात घासायचा ब्रश मला आठवडाभर पुरत नाही. मतदानाच्या यंत्राचं बटण मी दाबलं की आत बसलेले अधिकारी मान वर करून बघतात. अशा हातात अर्ध्या किलोचा रॉड आला. पहिल्या कडव्यातच अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची, दुसऱ्यात ती मनगट ओलांडायची आणि तिसऱ्यात हाताचा आणि माझा संबंध संपायचा.

या दुखण्याला कारकुनांची जुनी परंपरा आहे, हे वाचून मला थोडा धीर आला. १८३०च्या दशकात इंग्लंडातल्या सरकारी कारकुनांचे हात असेच आखडायला लागले, तेव्हा त्यांनी सगळा दोष नव्यानं आलेल्या पोलादी निबांना दिला. पुढे तारायंत्राची कट-कट करणाऱ्यांचे हात गेले, तर १९०८ साली ब्रिटननं हा विकार भरपाई देण्याजोग्या आजारांच्या यादीत घातला. रॉबर्ट शूमान या जर्मन संगीतकाराला उजव्या हाताच्या बोटांपायी पियानोवादनच सोडावं लागलं. ही नावं मी घरी मोठ्यानं वाचून दाखवली. आमच्या मंडळी म्हणाल्या, "तो शूमान पुढं काय करत होता?"

"संगीत लिहीत होता."

"मग तुम्हीपण लिवा. आवाज तरी होणार न्हाई."

हाताला गोळा येतो ही बातमी गावात पसरली. आमच्याकडे पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि त्याच साताऱ्यातल्या महाबळेश्वरात पाच हजारांच्या वर. सल्ल्यांचं मोजमाप ठेवायची सोय असती तर महाबळेश्वरकरांना आमच्यापुढे मान खाली घालावी लागली असती.

पहिले आले शेजारचे आबा. निर्गुडीचा पाला घेऊनच आले. पाला तव्यावर गरम करून त्यांनी माझ्या तळहातावर इतका वेळ दाबून धरला की गोळा राहिला बाजूला, भाजल्याचं मलम आणायला माणूस पाठवावा लागला. शेक वाईट नव्हता, जागा चुकली होती. बोटं मिटणारे दांडगे स्नायू तळहातात नसतातच. ते असतात कोपराखाली. शेकायचं, चोळायचं ते तिथे. हे मी आबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "दुखतंय कुठं?"

"तळहातात."

"मग कोपराला पाला लावणारा मी येडा हाय व्हय?"

मेहुण्यानं चुंबकाचं कडं पाठवलं. मनगटातला वात चुंबक ओढून घेतो म्हणे. वाताचं माहीत नाही, रॉड मात्र त्यानं बरोबर ओढला. पोलादी रॉड, पोलादी तारा आणि मध्ये चुंबकाचं कडं! रॉड मनगटाला चिकटला, मनगट तारांकडे झेपावलं आणि जो सूर निघाला त्यानं बोळातली कुत्री बाहेर आली. मेहुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "दाजी, म्हंजे गुण यायला लागलाय."

आतेभाऊ कावडीवाला. चैत्रात शिंगणापूरला कावडी मुंगी घाटातून वर चढवतात, अंगावर काटा येतो अशा उभ्या कड्यानं, माणसाला माणूस धरून. त्याचं म्हणणं, गोळा येतो कारण माझी पकड कच्ची आहे. "घाटात हात सैल सोडला तर कावड खालच्याच्या टाळक्यात. घट्ट धर. आजून घट्ट. गोळाच दमंल." मी दोन दिवस तसं धरलं. गोळा दमला नाही.

उलट गजीच्या ढोलवाल्याचं मत. रात्र-रात्र ढोल वाजवूनही त्याच्या मनगटाला कधी काही होत नाही. तो म्हणाला, "भाऊसाहेब, हलकं धरा. टिपरू हातात हाय, हे इसरायचं." मी विसरलो. पूर्ण विसरलो. चढ्या सुराकडे जाताना रॉड हातातून निघाला आणि पायाच्या अंगठ्यावर उतरला. हातातला गोळा त्या क्षणी गेला. हा इलाज अजून कुठल्या ग्रंथात आलेला नाही. मी सुचवणारही नाही.

हलकं धरण्यात एक अडचण आहे, जी सल्ला देणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही. आपण हलकं धरायचंय, असं मनाशी पक्कं ठरवलं की दात आवळले जातात, खांदे कानांपर्यंत चढतात आणि माणूस सर्व ताकदीनिशी सैल व्हायला लागतो. सैल व्हायचा निर्धार मी इतका कडक केला, की मान धरली.

साताऱ्याच्या एका डॉक्टरांना हे सगळं सांगितलं. त्यांनी समोर वाजवून दाखवायला लावलं. ओळ संपल्यावर म्हणाले, "वाजवताना श्वास घेता का?"

"कधीमधी."

"तो घेत चला. आणि दुखतं, की न दुखताच बोटं वाकडी होतात?"

"चांगलं दुखतं."

"मग बरं आहे," असं म्हणून ते प्रसन्न हसले. दुखणं सांगितल्यावर कुणाला इतका आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. त्यांनी समजावलं, की दुखून येणारा गोळा हा बहुतेक वेळा थकव्याचा, विश्रांतीनं जाणारा. न दुखता बोटं ऐकेनाशी झाली, वाजवायला बसलं की तेवढ्यापुरती आपोआप मिटायला लागली, तर ती भानगड मेंदूकडची. तिथे जोर करून रियाज वाढवणं घातक, लगेच यायचं. मग चिठ्ठीवर 'हात सैल ठेवणे' असं लिहिताना त्यांनी पेन इतकं दाबलं, की खालच्या कोऱ्या कागदावरही ते वाचता येत होतं. मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली.

खरा उपयोग झाला तो पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोराचा. मोहीच्या ललिता बाबर याच माळरानातून पळत निघाल्या आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. तेव्हापासून तालुक्यात पहाटे रस्त्यावर चालायची सोय राहिलेली नाही. सगळी पोरं पळत असतात आणि सगळ्यांना स्नायूंचं शास्त्र येतं. तो दारात थांबून म्हणाला, "काका, गोळा आला की तुम्ही हात झटकता. झटकू नका. कोपर सरळ करा, दुसऱ्या हातानं बोटं हळू मागं घ्या. हिसका न्हाई. वीस-तीस आकडे मोजा, मग कोपराखाली चोळा." केलं. गोळा उतरला. मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं, पण तो माझ्या पुतण्याच्या वर्गातला.

"आन् थेट गाण्यावर उडी घिऊ नका. आम्ही पळायच्या आधी अंग मोकळं करतो. मधनं-मधनं थांबायचं. गोळा यायच्या आधी थांबायचं, आल्यावर न्हाई."

"यायच्या आधी कसं कळणार?"

"आता तुम्हाला न्हाई कळायचं तर कुणाला?"

मग मी खांदे फिरवणं, मनगटं फिरवणं, बोटं उघडणं-मिटणं असं सगळं सुरू केलं. त्याला इतका वेळ लागायला लागला, की गिटार पेटीतून निघेपर्यंत स्वयंपाक तयार असायचा. आबा रोज कुंपणावरून बघायचे. एक दिवस बोललेच, "ह्ये असलं वाजीवता व्हय? बरं वाटतंय ऐकायला."

त्या पोरानं आणखी एक गोष्ट हेरली. मी मांडी घालून बसतो, गिटार गुडघ्याकडे घसरते, आणि ती घसरू नये म्हणून रॉडच्या हातानंच मी तिला दाबून धरतो. एका हाताला दोन नोकऱ्या. गिटार घसरली नाही तर निम्मा गोळा येणारच नाही. हे पटलं. घसरू नये म्हणून मांडीवर काय घ्यावं, याचा विचार करता-करता माळ्यावरची म्हसवडची घोंगडी आठवली. खरखरीत काळी लोकर. तिच्यावर ठेवलेली वस्तू हलेल कशाला? गिटार जाग्यावर घट्ट बसली. हात मोकळा झाला. फक्त दिवस मे महिन्याचे होते. माणदेशातला मे, मांडीवर घोंगडी, तिच्यावर गिटार. घामाच्या धारा लागल्या. अंगातलं पाणी गेलं, त्याबरोबर मीठ गेलं, आणि आता गोळा हाताला यायचा तो पायाला यायला लागला. पोरगं म्हणालं, "पाणी प्या, लिंबू-मीठ घाला." टँकर दोन दिवसांनी येत होता. मंडळींनी माझ्या तांब्यावर नजर ठेवायला सुरुवात केली.

शेवटी गोंदवल्याला गेलो. गोंदवलेकर महाराजांच्या समाधीपुढे एक म्हातारी जपमाळ घेऊन बसली होती. मी तिच्या बोटांकडे बघत राहिलो. माळ बोटावर नुसती टेकलेली, अंगठा मण्याला लागतोय न लागतोय, आणि मणी आपले पुढे चाललेत. तासभर बसली असेल, हात जराही अवघडला नाही. मी न राहवून विचारलं, "आजी, हात दुखत नाही?"

"धरलं तर दुखतंय. मी कुठं धरलंय?"

काब्रांनंतर मला गुरू भेटला असं वाटलं. पण परतीच्या एसटीत तीच आजी खिडकीच्या जागेवर रुमाल टाकून, समोरच्या दांडीला दोन्ही हातांनी अशी काही लोंबकळली होती, की कंडक्टरला तिच्या मुठीतून सुटे पैसे काढता आले नाहीत.

घरी आल्यावर मंडळींनी प्रकरण हातात घेतलं. "अहो, लग्न झाल्यापास्नं भाकऱ्या थापतीया. माझा हात कधी आखडलेला बघितलाय?" खरोखर बघितला नव्हता. विचार केला तेव्हा त्यातली मेख कळली. रॉड, पेन, दोर, कासरा, सगळी कामं मूठ मिटायची. भाकरीला हात उघडा लागतो. बोटं पसरलेली, तळवा सपाट. मुठीनं भाकरी थापता येत नाही. मिटणाऱ्या स्नायूंना आराम, उघडणाऱ्यांना काम. हे मी उत्साहानं बोलून दाखवलं आणि त्याच संध्याकाळी परात माझ्यापुढे आली.

पहिली भाकरी परातीला चिकटली. तिच्यावर माझी पाचही बोटं तिसऱ्या प्रतीपर्यंत उमटली होती. "दाबू नका वो, थापा," असं मंडळी सारखं म्हणायच्या. पीठ फिरत नव्हतं, मी परात फिरवत होतो. वेळ जावा म्हणून मी त्यांना सांगितलं, की १९३१-३२ साली अमेरिकेत निघालेली पहिली यशस्वी विजेची गिटारही अशीच मांडीवर ठेवून वाजवायची होती आणि तिच्या गोल आकारामुळे तिला तळणीचा तवा म्हणत.

"मग आणा की तिला हिकडं," मंडळी म्हणाल्या. "ह्यो तवा कडंला तडकाय लागलाय."

पुढे भाकरी जमत गेली. हळूहळू कडा निघाल्या, मग पापुद्रा सुटायला लागला, आणि एक दिवस ती तव्यावर टम्म फुगली. हाताला गुण आला हे खरंच. आता दोन-तीन गाणी सलग होतात, मध्ये थांबतो, श्वासही घेतो. लेथवाल्याचा रॉड दाराला अडसर म्हणून लावलाय आणि पुण्याहून हलका मागवलाय. आंदोलन मात्र पूर्वीसारखं येत नाही, अशी तक्रार साखरपुड्याला हजर असलेले दोघं-तिघं अजून करतात.

परवा देवळाच्या भंडाऱ्याची मंडळी घरी आली. वर्गणी दिली तरी उठेनात. एकानं खाकरून विचारलं, "भाऊसाहेब, शनिवारी रात्री मोकळं हाय का?"

मी मान डोलावली. इतक्या दिवसांनी गावाला कलेची कदर आली, म्हणून भरून आलं. किती वेळ वाजवायचं, स्पीकर कुणाचा, बैठक कुठं, सगळं मी भराभर विचारून घेतलं. ते एकमेकांकडे बघायला लागले.

"न्हाई, त्येचं काय हाय," त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, "आमटी गावात हुतीया, पण भाकरीला ह्या वर्साला माणसं कमी पडत्यात. आन् तुमचा हात बसलाय म्हणं."

मंडळी आतून सगळं ऐकत होत्या. मी थोडा वेळ गप्प राहिलो, मग म्हणालो, "गिटार आणू का?"

"आणा की," ते म्हणाले. "समद्या भाकऱ्या झाल्यावर टाइम उरला तर बघू."